आमचा जांभळा समुद्री जिवाणू

समुद्री जिवाणूंत माझा सगळ्यात जास्त जीव जडलाय तो स्यूडोआल्टेरोमोनस या प्रजातीवर (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट). पूर्वी हे सगळे आल्टेरोमोनस या प्रजातीत मोडायचे. ती मांडली गेली १९७२ मध्ये. पुढे जिवाणूंचं नातं ठरवायला वापरतात त्या १६एस आरआरएनए जनुकाचे क्रम ताडून पाहिले आणि १९९५ मध्ये बहुतेक जाती या नव्या प्रजातीत गेल्या. जुन्या घरात उरली एकटी आल्टेरोमोनस मॅक्लिओडाय. मला ही फाळणी अगदी रास्त वाटते.

लक्षणं थोडक्यात: ग्रॅम-निगेटिव्ह (ग्रॅम रंगचाचणीत जांभळा रंग न धरणारे), दंडाकार, एका टोकाला एकच कशाभिका (पोहायला लागणारी शेपटी), ऑक्सिजनवर जगणारे. सोडियम नसेल तर वाढतच नाहीत.

पण खरी गंमत ल्युटिओव्हायोलेसिया या जातीत आहे. मरीन आगर या समुद्री जिवाणू वाढवायच्या माध्यमाच्या प्लेटवर तिच्या वसाहती गडद जांभळ्या होतात. तो रंग व्हायोलेसिन या रंगद्रव्याचा, आणि हे द्रव्य इतर जिवाणूंना मारक ठरतं. शिवाय हिच्या पेशी विषाणूच्या शेपटीसारख्या, आकुंचन पावणाऱ्या सूक्ष्म पिचकाऱ्या बनवतात. पेशी फुटली की त्या बाहेर येतात, आणि त्यांच्या संपर्कात आलेली हायड्रॉइडिस एलिगन्स या नळीकृमीची (नळीत राहणाऱ्या समुद्री कृमीची) पोहणारी अळी तळाला चिकटून प्रौढ रूप घेऊ लागते. जिवाणूनं प्राण्याचं बालपण संपवावं! या पिचकाऱ्यांवरचा २०१४ चा शोधनिबंध मी अजूनही प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या हातात आधी ठेवते.