न वटलेला चेक

आमच्या वेळी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या हक्कांसाठी लढणारे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण म्हणणारं कुणी ना कुणी दरवर्षी असायचंच. सुरुवात ठरलेली, ‘माझं एक स्वप्न आहे’. इंग्रजीचे आमचे सर ते कौतुकानं ऐकायचे. वर्गात मात्र त्यांनी ते भाषण पहिल्या ओळीपासून शिकवलं. क्रमिक पुस्तकात ते नव्हतंच. सरांनी सायक्लोस्टाइल केलेल्या प्रती आणल्या होत्या, बोटांना शाई लागायची.

२८ ऑगस्ट १९६३, वॉशिंग्टन, लिंकन स्मारकासमोर जमलेली सुमारे अडीच लाख माणसं. मोर्चाचं पूर्ण नाव सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘नोकऱ्या आणि स्वातंत्र्यासाठी वॉशिंग्टन मोर्चा’, आणि ‘नोकऱ्या’खाली रेघ मारली. ताशी किमान दोन डॉलर मजुरी ही त्या मोर्चाची एक मागणी होती. पुढे भलीभली शिकलेली माणसं भेटली, त्यांना हे ठाऊक नव्हतं.

मग आला चेक. राज्यघटना आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्यांनी प्रत्येक अमेरिकन माणसाला हक्कांची वचनचिठ्ठी लिहून दिली, पण काळ्या नागरिकांच्या हाती पडलेला चेक ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ असा शेरा घेऊन परत आला, असं किंग सांगतात. सरांनी फळाभर चेक काढला, नावाच्या जागी ‘प्रत्येक नागरिक’ लिहिलं आणि त्यावर लाल खडूनं आडवा शेरा मारला. आम्ही शेतकऱ्यांची, दुकानदारांची पोरं. चेक न वटणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागलं नाही.

लिंकनची गुलाममुक्तीची घोषणा १८६३ सालची. शंभर वर्षांनंतरही अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाला वेगळी शाळा, वेगळा नळ, आणि मतदानाच्या वाटेत हजार अडथळे. वर उपदेश, की जरा दमानं घ्या. या ‘हळूहळू होईल’ला किंग गुंगीचं औषध म्हणतात.

स्वप्नाचा भाग तयार मसुद्यात नव्हताच. गायिका महालिया जॅक्सन यांनी जवळूनच हाक दिली, मार्टिन, त्यांना स्वप्नाबद्दल सांग! आणि किंग कागद सोडून बोलू लागले. तो भाग मलाही पाठ आहे, म्हणताना अंगावर काटा येतो. पण तेवढाच म्हटला की भाषण गोड होतं, आणि ते भाषण गोड नव्हतं. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहरात काळ्या लोकांच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार मुलींचा जीव घेतला गेला. नागरी हक्कांचा कायदा व्हायला जुलै १९६४ उजाडला.

सरांनीच सांगितलेली आणखी एक गोष्ट. १९५९ साली किंग भारतात आले, मुंबईत गांधीजी राहत त्या मणिभवनात राहिले. केरळातल्या एका शाळेत दलित मुलांसमोर मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली, ‘अमेरिकेहून आलेले आपल्यासारखेच एक अस्पृश्य’. किंग आधी दचकले, थोडे दुखावलेही. मग आपल्या देशातल्या दोन कोटी काळ्या माणसांची दैना त्यांच्या डोळ्यांपुढे आली आणि त्यांनी मनाशी म्हटलं, होय, मी अस्पृश्यच आहे. १९६५ साली अटलांटातल्या प्रवचनात त्यांनी हे स्वतः सांगितलं. आमच्या वर्गात वस्तीवरून येणारी मुलं होती. सर हे सांगताना त्यांच्याकडे नाही, आम्हा बाकीच्यांकडे बघत होते.

महोत्सवाच्या निमित्तानं शाळेकडे एकच मागणं आहे. यंदाच्या स्पर्धेत हे भाषण कुणी घेतलं, तर त्याला चेकपासून सुरुवात करायला सांगा. वेळ वाढवून द्यावी लागेल, ती द्या. पूर्ण भाषण म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचं बक्षीस दरवर्षी माझ्याकडून, सरांच्या नावानं.