कैऱ्यांचं लोणचं आणि माझा पहिला फॉन्ट

मागच्या वर्षीपर्यंत कोणी विचारलं की तू काय करतेस, तर मी सरळ सांगायचे, टेस्टर आहे, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. शनिवारच्या बोरूच्या, म्हणजे टोक कापलेल्या लेखणीने अक्षर काढायच्या, क्लासचं नावही काढायचे नाही, तो आपला विरंगुळा. चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा बोरू हातात धरला, तेही मैत्रीण एकटी जायला तयार नव्हती म्हणून, आणि पहिले दोन महिने नुसत्या उभ्या-आडव्या रेघा. सर म्हणाले, "ताई, देवनागरीसाठी बोरूच्या टोकाचा काप इंग्रजीच्या उलट्या बाजूला तिरका असतो, हाताला कळेपर्यंत वेळ लागतो, घाई नको." खरंच लागला. टोकाची ती तिरकी कड कागदावर पूर्ण टेकली तरच काना भरीव उतरतो, जरा मनगट वळलं की एक बाजू फाटल्यासारखी दिसते.

मग वहिनीने घरगुती लोणची विकायला सुरुवात केली. म्हणाली, "अगं, लेबलवर तुझंच अक्षर हवंय, पण मजकूर दरवेळी बदलणार, तू किती वेळा लिहून देशील?" तिथून फॉन्टचं खूळ डोक्यात शिरलं.

फॉन्टफोर्ज हे फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते घेतलं, अक्षरं स्कॅन केली, वाटलं आता चित्रं बसवायची की झालं. पण कागदावर आपण शब्द लिहून झाला की वरून एक सलग शिरोरेषा ओढतो, फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपला आपला तुकडा घेऊन येतं, आणि तुकडे काठाला काठ लावून ठेवले तर स्क्रीनवर मध्येच केसाएवढी फट दिसते, म्हणून प्रत्येक तुकडा शेजारच्यावर किंचित चढवावा लागतो. पहिल्या वेलांटीचं तर वेगळंच, 'कि'साठी काढलेली कमान 'स्थि'ला पुरत नाही, कान्यापर्यंत पोचतच नाही, मग वेगवेगळ्या रुंदीच्या सात वेलांट्या काढल्या आणि कुठल्या अक्षराआधी कुठली यायची त्याचे नियम लिहिले. वळण बोरूने ठरवलं, नियम मात्र ऑफिसात टेस्ट केसेस लिहिते तसेच लिहिले, एकाच टेबलावर, एकाच रात्री.

आणि मग 'ताज्या कैऱ्यांचं लोणचं' अशी २०० लेबलं छापून आली. कैऱ्यांमधला ऱ पाय मोडलेला आणि शेजारी 'यां' सुटा. मला रडू आलं, खरंच. हा डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र आपल्या मराठीला लागतो, हिंदीला तो लागत नाही, पण आपल्याकडे त्याच्यावाचून 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या हे वेगळं कसं दाखवणार? रात्री शोधत बसले तेव्हा कळलं की तो दोन वाटांनी टाइप होतो. एक म्हणजे साधा र, हलन्त (पाय मोडायची खूण) आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह, दुसरी म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, युनिकोड या अक्षरांच्या क्रमांकयादीतला ०९३१, आणि हलन्त. माझ्या सगळ्या नमुन्यांत पहिली वाट होती, वहिनीच्या मोबाइलवर दुसरी, आणि दुसरीचा नियम मी लिहिलाच नव्हता. अक्षर सुंदर काढलेलं होतं, पण ते यायच्या जागी आलंच नाही तर त्या सुंदरपणाचं करायचं काय?

त्या आठवड्यात र. कृ. जोशींबद्दल पुन्हा वाचलं. कवी, सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रात काम केलेला माणूस, आणि विंडोजवरचा मंगल फॉन्टही त्यांचाच. ते आधी वाचलं होतं तेव्हा वाटलेलं, बापरे एका माणसाने किती वेगवेगळी कामं केली. आता वाटतं की त्यांच्यासाठी ती वेगळी नसतीलच, अक्षर काढायचं आणि ते मशीनवर नीट चालवायचं, मध्ये भिंत कुठे आहे?

नवीन लेबलं नीट आली. आता माझ्या भिंतीवर बोरूच्या सरावाच्या कागदाशेजारी टेस्टचे शब्द लावलेत: कैऱ्या, दऱ्या, सुऱ्या, वऱ्हाड, कऱ्हाड, स्थिती, किल्ली. ऑफिसातली एक ज्युनियर मुलगी ते बघून म्हणाली, मलाही शिकव, तर दर बुधवारी लंच टाइममध्ये तिला बोरू कापायला शिकवते.

सध्या 'लठ्ठ'वर अडलेय. ठ खाली ठ बसवला की खालचा इतका खाली उतरतो की पुढच्या ओळीला चिकटतो, आकडे बदलून बदलून थकले, म्हणून शनिवारी सरांनाच विचारणार आहे की बोरूने तुम्ही तो खालचा ठ किती लहान काढता.