मिरिसाचे ब्लू व्हेल आणि समोरून जाणारी जहाजं

श्रीलंकेला जायचं ठरलं तेव्हा माझी एकच अट होती, कँडी-सिगिरिया राहिलं तरी चालेल पण दक्षिण किनाऱ्यावरचं मिरिसा पाहिजेच, कारण ब्लू व्हेल म्हणजे आपला निळा देवमासा किनाऱ्यापासून इतक्या जवळ दिसतो अशा जागा जगात फार थोड्या आहेत आणि त्यातली एक आपल्या शेजारच्याच देशात आहे. सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, मे पासून तिकडचा समुद्र खवळतो.

बोटी सकाळी साडेसहाच्या सुमारास मच्छीमार बंदरातून सुटतात. बंदरात माशांचा आणि डिझेलचा वास, एकाला एक लागून उभ्या रंगीत होड्या, आणि त्यातून लाइफ जॅकेट घालून निघालेले आम्ही टुरिस्ट. ज्यांना बोट लागते त्यांनी निघायच्या आधीच गोळी घ्या, बाहेर लाटा बऱ्यापैकी असतात आणि परत यायला दुपार होऊ शकते.

सुरुवातीला बराच वेळ नुसतं पाणी. मधे डॉल्फिनचा एक कळप बोटीच्या पुढं पुढं धावला, पोरं ओरडायला लागली. मग खलाशानं वरून हात केला आणि लांबवर सरळ उंच फवारा दिसला. कॅप्टननं इंजिन अगदी हळू केलं. पुन्हा फवारा, आणि तो श्वास सोडल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला, असा आवाज की बोटीवरचे सगळे एकदम गप्प झाले. पाठ वर आली ती संपेचना! करडी-निळी, अंगभर फिकट ठिपके, आणि फार मागं गेल्यावर एवढासा पर. चार-पाच श्वास घेतले, पाठीची कमान झाली आणि शेपटी पूर्ण पाण्याबाहेर, तिला दोन छोटे मासे चिकटलेले चक्क दिसत होते. गेला खाली. मागं पाण्यावर तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल राहिला, तो किती तरी वेळ विरला नाही.

शेपटी वर काढणं ही इथली खासियत, दुसरीकडचे ब्लू व्हेल असं कमीच करतात. अभ्यासकांना याचा फायदा होतो, कारण शेपटीच्या कडेवरच्या खाचा आणि अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी, फोटो जुळवून कोण कोण परत आलं ते ओळखता येतं.

हे काम उभं केलं ते आशा डी व्होस या श्रीलंकेच्याच शास्त्रज्ञ बाईंनी. २००३ मध्ये एका संशोधन जहाजावर असताना त्यांना ब्लू व्हेलची लालसर विष्ठा पाण्यावर तरंगताना दिसली. आता ऐकायला कसंतरी वाटेल पण सगळं तिथून सुरू झालं, कारण मोठे देवमासे थंड समुद्रात खातात आणि गरम समुद्रात पिल्लांसाठी येतात असंच तोवर पुस्तकात होतं, आणि विष्ठा आहे म्हणजे हे इथंच जेवतायत! २००८ मध्ये त्यांनी श्रीलंकेच्या ब्लू व्हेलचा प्रकल्प सुरू केला. पुढं विष्ठेतल्या डीएनएवरून कळलं की इथले व्हेल क्रिलपेक्षा (कोळंबीसारखे छोटे जीव, ब्लू व्हेलचं नेहमीचं खाणं) एका प्रकारची बारीक कोळंबी जास्त खातात. हे व्हेल अंटार्क्टिकाला जातच नाहीत, वर्षभर उत्तर हिंदी महासागरातच असतात. लक्षद्वीपला कवरत्तीजवळ पाण्याखाली माइक ठेवले होते तेव्हा श्रीलंकेच्या ब्लू व्हेलचं गाणं तिथंही ऐकू आलं. आणि आपल्या सिंधुदुर्गच्या समुद्रात २०१५ मध्ये ब्लू व्हेल दिसल्याची बातमी आली होती ती बऱ्याच जणांना आठवत असेल.

पण मला खरं लिहायचंय ते जहाजांबद्दल. बोटीतून दक्षिणेकडं बघा, क्षितिजावर एकामागून एक टँकर आणि कंटेनरची जहाजं चाललेली असतात, खंड नाही. श्रीलंकेच्या अगदी दक्षिणेला देवुंदरच्या टोकाजवळ समुद्र लगेच खोल होतो म्हणून व्हेल तिथं खायला येतात, आणि जगातल्या सगळ्यात गर्दीच्या जहाजमार्गांपैकी एक नेमका तिथूनच जातो. मार्च २०१२ मध्ये कोलंबो बंदरात एक कंटेनर जहाज आलं तेव्हा त्याच्या पुढच्या टोकावर मेलेला ब्लू व्हेल अडकलेला होता. जे समुद्रातच बुडून जातात त्यांची तर नोंदही होत नाही. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी याच महासागराच्या वायव्य भागात बाराशेच्या वर ब्लू व्हेल चोरून मारले, तो आकडा कितीतरी वर्षं लपवून ठेवला होता. १९७९ मध्ये हिंदी महासागर व्हेलसाठी अभयारण्य जाहीर झाला, शिकार थांबली, आणि आता उरलेल्यांना ही टक्कर.

आणि उपाय आहे हो! मार्ग फक्त १५ सागरी मैल दक्षिणेला सरकवला तर टक्करीचा धोका ९५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो असं अभ्यासातून निघालंय. एमएससी या मोठ्या शिपिंग कंपनीनं २०२२ मध्ये आपली जहाजं स्वतःहून दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली, हे फार चांगलं झालं. पण सगळ्यांचाच मार्ग बदलायचा तर श्रीलंका सरकारनं आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडं प्रस्ताव न्यायला हवा. कंपन्यांना थोडं जास्त इंधन लागेल, बास. एवढ्यासाठी एवढा जीव जावा हे मला पटत नाही.

टुरिस्टांच्या बोटींचाही त्रास आहेच. नियमानं १०० मीटर लांब राहायचं, तरी आमच्यासमोर दोन-तीन बोटी फवारा दिसला की फुल स्पीडनं अंगावर जात होत्या आणि प्राणी नीट श्वास न घेताच खाली जात होता. आमचा कॅप्टन थांबून राहिला, त्यामुळं आम्हाला उलट जास्त वेळ दिसला. म्हणून बुकिंग करताना आधी विचारा, किती लांब थांबता, पाठलाग करता का, आणि उत्तर गोलमाल आलं तर दुसरी बोट बघा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि बोटीवर बसल्यावर "भाऊ, अजून जवळ घ्या ना" म्हणू नका, कॅप्टन आपल्या टिपसाठीच जवळ नेतो.