गोव्यात बायोएथिक्सच्या एक्स्चेंजला जाताय? आधी सी-फॉर्मचं विचारा

परदेशी विद्यापीठाबरोबरच्या एक्स्चेंजमध्ये बायोएथिक्स, म्हणजे वैद्यकातल्या नैतिक प्रश्नांचं तत्त्वज्ञान, शिकवायला गोव्यात जाणार असाल, तर वाचन नंतर करा, आधी राहण्याची जागा पक्की करा. आमच्या वेळी आयोजकांच्या परिपत्रकात ‘निवासाची सोय परिसरालगत’ एवढंच लिहिलं होतं. पोर्तुगालचे दोन प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी आमच्यासोबत होते. रात्री मोपाच्या विमानतळावर उतरलो, ताळगावात होमस्टेच्या दारात बॅगा काढल्या, तेव्हा मालक म्हणाले, "सर, तुम्ही राहा. यांना नाही ठेवता येणार. माझ्याकडे सी-फॉर्मचं लॉगिन नाही."

परदेशी पाहुणा आला की 24 तासांच्या आत त्याच्या पासपोर्ट-व्हिसाची नोंद जागामालकाला ऑनलाइन करावी लागते, तोच सी-फॉर्म. हॉटेल असो की घरातली खोली, नियम तोच. मालक बरोबरच होते. आयोजकांनी त्यांना विचारलंच नव्हतं, आणि याला माफी नाही. दमलेली मुलं रस्त्यावर बॅगांवर बसलेली, आणि टॅक्सीवाले वेटिंग, रात्रीचा दर, परतीचं रिकामं भाडं असं एकेक जोडत चाललेले. पणजीत खोल्या मिळेपर्यंत ठरल्याच्या दुप्पट पैसे गेले. आयोजकांनी ते अजून दिलेले नाहीत.

म्हणून अॅडव्हान्स पाठवण्यापूर्वी मालकाला थेट फोन करा: "परदेशी पाहुण्यांचा सी-फॉर्म भरता का?" उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. भरलेल्या फॉर्मची प्रतही मागून घ्या. 180 दिवसांहून जास्त मुदतीच्या स्टुडंट व्हिसावर आलेल्यांना 14 दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात, नोंदणी करावी लागते, तिथे ही प्रत लागते. ओला-उबरच्या भरवशावर राहू नका. गोवामाइल्स या अॅपवरून टॅक्सी घ्या, नाहीतर विमानतळाच्या प्रीपेड काउंटरवरून पावती घ्या. दिवसा उतरलात तर कदंबची बस उत्तम. पणजीत एकट्याने फिरायला पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, स्वस्त पडते. भाडं बसण्यापूर्वी ठरवा. ताळगावातून पठारावरच्या विद्यापीठात चालत जाता येतं, पण ऑक्टोबरच्या उन्हात घामाघूम होऊन वर्गात उभं राहावं लागतं.

जुनं गोवं, मिरामार, रविवारची सहल, सगळं छान झालं.

पहिलं सत्र फसलं. स्वायत्तता, हित, अहित टाळणं आणि न्याय ही बीचम आणि चिल्ड्रेस या अभ्यासकांची 1979 पासूनची बायोएथिक्सची चार तत्त्वं पाहुण्यांनी स्लाइडवर दाखवली. मुलांनी ती उतरवून घेतली. एकानेही तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉमिनिक डिसोझाचं प्रकरण घेतलं. 1989 मध्ये म्हापशात रक्तदानानंतर तो एचआयव्हीबाधित असल्याचं कळलं, आणि पोलिसांनी त्याला उचलून जुन्या क्षयरोग रुग्णालयात 64 दिवस एकटं कोंडलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्याची आई लूसी उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने तरतूद वैध ठरवली. ज्या गावातून बसने येतात तिथेच हे घडलं, हे वर्गातल्या म्हापशाच्या मुलांनाच माहीत नव्हतं. मग बोलणं थांबेना. डिचोलीची एक मुलगी उठली आणि कोकणी-मराठीत म्हणाली, "आजीच्या ऑपरेशनच्या कागदावर मामानं सही केली. आजी शुद्धीत होती. तिला कोणी विचारलंच नाही." लिस्बनच्या एका विद्यार्थ्याने विचारलं, "डॉक्टर बोलताना कोणाकडे बघत होते?" ती थोडं थांबली. "मामाकडे." त्यानंतरचा दीड तास संमती कोणाची, घराची की रुग्णाची, यावरच गेला. इतका चांगला तास मी क्वचितच बघितला आहे, आणि त्यासाठी रस्त्यावरची ती रात्रही मी पुन्हा काढीन.

पणजीत जुन्या सचिवालयाजवळच्या आबे फारियाच्या, म्हणजे संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या गोमंतकीय धर्मगुरूच्या, पुतळ्यापाशी एक तास नक्की घ्या. संमोहित होऊन कोसळणारी बाई आणि तिच्यावर हात उगारलेला फारिया: संमतीवर बोलायला याहून चांगली जागा पणजीत नाही. सकाळी नऊच्या आत जा, नंतर वाहनांच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

शेवटचं वर्गाबद्दल. परिपत्रकात माध्यम इंग्रजी असलं तरी पहिल्याच तासाला मुलांना सांगा की कोकणी, मराठी, काय जमेल त्यात बोला, आणि पाहुण्यांच्या शेजारी भाषांतर करणारा एक विद्यार्थी बसवा. दुभाष्यामुळे वेळ दुप्पट लागतो, तेव्हा सत्र दोन तासांचंच मागा.