बिघडलेला शार्क

आपल्याकडच्या थिएटरांतलं इंग्रजी सिनेमाचं मध्यंतर हा खास देशी प्रकार आहे. तिकडच्या लोकांनी सिनेमा सलग बघायचा म्हणून बनवलेला असतो. इकडे पॉपकॉर्न खपायला हवा, म्हणून थिएटरवाला घड्याळ बघून तो मधोमध तोडतो. नायक काहीतरी महत्त्वाचं सांगायला तोंड उघडतो आणि दिवे लागतात. पूर्वी याचा मला इतका संताप यायचा की शेजारचे लोक पडदा सोडून माझ्याकडे बघायचे. हल्ली येत नाही. वयोमानाप्रमाणे मी निवळलो, असं घरचं मत आहे. माझं मत असं, की हल्लीच्या ब्लॉकबस्टरला मध्यंतर कुठेही लावलं तरी चालतं. आधी एक शहर कोसळत असतं, चहा पिऊन आलो की दुसरं कोसळत असतं. मधली दहा मिनिटं चुकली तरी शेजाऱ्याला ‘काय झालं हो?’ असं विचारावं लागत नाही, आणि विचारलंच तर त्यालाही सांगता येत नाही.

तर, हॉलिवूडचे मोठे सिनेमे खरंच घसरलेत का? पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने हा विषय काढला की ऐकणारा आधीच जांभई आवरायला लागतो, कारण या वयात हापूसपासून नाटकापर्यंत काहीच पूर्वीसारखं राहिलेलं नसतं. म्हणून आधी समोरच्याची बाजू मांडतो. पूर्वीही रद्दी भरपूर निघायची. १९९३ म्हटलं की आपल्याला ‘जुरासिक पार्क’ आठवतो. त्याच उन्हाळ्यात ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आणि ‘लास्ट ॲक्शन हीरो’ आले होते हे आठवत नाही, आणि न आठवण्यातच सुख आहे. १९८७ साली ‘जॉज’चा चौथा भाग आला. त्यातला शार्क एका कुटुंबावर डूख धरतो आणि त्यांच्या मागे थेट बहामाजपर्यंत जातो. नागिणीच्या सिनेमांवर पोसलेल्या आपल्या प्रेक्षकालाही हे जरा जास्तच वाटावं. त्यात काम केलेल्या मायकेल केनला नंतर कुणीतरी छेडलं, तेव्हा तो म्हणाला की सिनेमा मी पाहिलेला नाही, भयंकर आहे असं ऐकतो. पण त्या पैशांतून बांधलेलं घर पाहिलंय, ते झकास आहे. थोडक्यात, काळाच्या चाळणीतून खाली गेलेलं आपण विसरतो आणि वर उरलेल्यावरून जुन्या जमान्याला मार्क देतो.

हे सगळं मान्य. पण काही गोष्टी निव्वळ आठवणींच्या खात्यावर टाकता येत नाहीत. १९९३ साली अमेरिकेत सर्वाधिक कमाई केलेल्या पहिल्या दहा सिनेमांत एकही कशाचा पुढचा भाग नव्हता. बाईचा वेश घेऊन स्वतःच्याच मुलांना सांभाळायला येणारा बाप होता, बायकोच्या खुनाचा आळ घेऊन पळणारा डॉक्टर होता, अडचणीत सापडलेला तरुण वकील होता. एवढंच काय, तीन तासांहून मोठा, बहुतांश कृष्णधवल ‘शिंडलर्स लिस्ट’ही त्या दहांत होता. २०२४ ची तशीच यादी काढली तर ‘विकेड’ सोडून झाडून सगळे कुणाचे तरी पुढचे किंवा मागचे भाग. आणि ‘विकेड’ म्हणजे रंगभूमीवर वीस वर्षं गाजलेल्या संगीतिकेचा पूर्वार्ध. एखाद्या घरात रोज कालचीच भाजी गरम करून वाढत असतील तर पाहुणा मुद्दाम स्वयंपाकाची निंदा करत नाही, पण त्याच्या ध्यानात येतंच.

तरी माझी खरी तक्रार पुढच्या भागांबद्दल नाही. ती सांगायची तर ‘जॉज’पासून सुरुवात करावी लागेल, चौथ्या नव्हे, १९७५ च्या पहिल्या. स्टीव्हन स्पीलबर्ग तेव्हा सत्तावीस वर्षांचा पोरगा. त्याने हट्टाने खऱ्या समुद्रात चित्रीकरण मांडलं. यांत्रिक शार्क तयार करून घेतले. त्यांची चाचणी झाली होती गोड्या पाण्यात. खाऱ्या पाण्यात उतरवल्यावर यंत्रं कुरकुरायला लागली, बिघडली, एक शार्क तर बुडाला. त्या शार्कला सेटवर ब्रूस म्हणत, कारण स्पीलबर्गच्या वकिलाचं नाव ब्रूस होतं. (कोर्टाची पायरी चढलेल्यांना यातला विनोद वेगळा समजावून सांगायला नको.) ५५ दिवसांचं वेळापत्रक १५९ दिवसांवर गेलं. हातात शार्क नाही आणि सिनेमा शार्कचा. मग काय करणार? कॅमेराच शार्क झाला आणि पाण्याखालून पोहणाऱ्यांच्या पायांकडे बघू लागला. जॉन विल्यम्सने दोन सुरांची धून दिली. शार्कला अडकवलेली पिवळी पिंपं पाण्यावरून सरकताना दाखवली की तो कुठे आहे ते कळायचं. पहिला तासभर तो धड दिसतच नाही, आणि त्या तासाभरात लोकांनी समुद्रात पाय बुडवायची धास्ती घेतली.

अठरा वर्षांनी ‘जुरासिक पार्क’ करताना याच माणसाच्या हाताशी संगणक होता. तरी १२७ मिनिटांच्या त्या सिनेमात डायनासोर दिसतात ते सगळे मिळून सुमारे पंधरा मिनिटं, आणि त्यातलीही संगणकाने काढलेली जेमतेम सहा. बाकीचं काम स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यातल्या रबरी जनावरांचं. टी-रेक्स पहिल्यांदा येतो तो प्रसंग पुन्हा एकदा मन लावून बघा. रात्र, पाऊस, कुंपणाजवळ बंद पडलेल्या गाड्या. गाडीत पोरं. डॅशबोर्डवर पाण्याचे ग्लास. कुठून तरी ‘धप्’ असा आवाज येतो आणि पाण्यावर गोल वलयं उठतात. पुन्हा धप्, पुन्हा वलयं. जनावर अजून कुठेच नाही आणि आपण खुर्चीचे हात घट्ट धरलेले आहेत. ही वलयं नेमकी गोल उठवायची कशी हे बरेच दिवस कुणाला जमत नव्हतं. शेवटी इफेक्ट्स सांभाळणाऱ्या मायकेल लँटिएरीने डॅशबोर्डखाली गिटारची तार बसवली आणि गाडीखाली माणूस झोपवून ती छेडायला लावली. पुढे आठ-नऊ मिनिटं जो थरार चालतो त्यातला बराचसा टी-रेक्स खराखुरा, पावसाने भिजलेला. त्याची फोमची कातडी इतकं पाणी प्यायची की भाराने तो धूड थरथरायला लागायचा, मग दोन शॉटच्या मधे त्याला टॉवेलने पुसून कोरडं करायचं. जगातल्या सर्वांत भीषण जनावराचं अंग पुसायची ड्यूटी ज्यांना लागली असेल, त्यांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल?

१९९४ मधे हा सिनेमा हिंदीत डब होऊन आपल्याकडे आला आणि एरवी इंग्रजी सिनेमाच्या वाटेला न जाणारी माणसं तो बघायला रांगा लावून उभी राहिली. ग्लासातल्या वलयांना डबिंग लागत नव्हतं.

आता सगळं दाखवता येतं. शार्क बिघडत नाही, पाण्यात बुडत नाही, त्याला पुसावं लागत नाही. त्यामुळे तो पहिल्याच मिनिटाला येतो, सोबत आणखी चाळीस शार्क घेऊन येतो, आणि दुसऱ्या मिनिटाला आपण मोबाइल बघायला लागतो. यात संगणकाला शिव्या देणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. संगणक बिचारा सांगाल ते करतो. पंचाईत अशी की त्याला काय सांगायचं हे शेवटपर्यंत कुणी ठरवत नाही. ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’मधे सगळे नायक कालप्रवासाला निघताना पांढरे पोशाख घालतात. ते पोशाख कुणी शिवलेच नाहीत. चित्रीकरण चालू होतं तेव्हा ते कसे असावेत हे ठरलेलं नव्हतं, म्हणून नंतर संगणकावर नटांच्या अंगावर चढवले. सिनेमाने २७९ कोटी डॉलर मिळवले, तेव्हा मी कोण बोलणार? पण नटाने आपल्या अंगावर काय आहे हे ठाऊक नसताना अभिनय करायचा, दिग्दर्शकाने ते न बघता शॉट ओके म्हणायचा, ही तऱ्हा मला अजब वाटते. अर्जेंटिनाच्या लुक्रेसिया मार्तेल या दिग्दर्शिकेला ‘ब्लॅक विडो’ या सुपरहीरो सिनेमासाठी विचारणा झाली होती. हाणामारीच्या प्रसंगांची काळजी करू नका, ते आम्ही बघून घेऊ, असं तिला सांगण्यात आलं. तिचं म्हणणं होतं की मला तेही करायचे आहेत. ती काही तिकडे गेली नाही.

या लांबणीवर टाकलेल्या निर्णयांचं पुढे काय होतं ते मला माझ्या भाच्याकडून कळतं. तो मुंबईत एका व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर सिनेमातली दृश्यं घडवणाऱ्या, कंपनीत कंपोझिटर आहे. सुरुवात त्याने रोटोपासून केली. रोटो म्हणजे पडद्यावरच्या माणसाची कडा एकेका फ्रेममधे आखत जाऊन त्याला मागच्या दृश्यापासून सोडवायचं. सेकंदाला २४ फ्रेम. माणूस टकला असेल तर देव पावला. नायिका केस मोकळे सोडून वाऱ्यात उभी असेल तर आठवडा गेला. आता तो वेगवेगळ्या थरांची चित्रं एकावर एक बसवून शेवटचा शॉट तयार करतो. एकदा जेवायला आला तेव्हा डोळे लाल. म्हटलं, “अरे, झोपतोस की नाही?”

“शॉट परत आला, मामा.”

“पसंत पडला होता ना?”

“रात्रीचा शॉट होता. आता तिकडे ठरलं की पहाट हवी.”

त्या शॉटमधे काय होतं ते त्याने सांगितलं नाही, करारात तसं असतं. एवढंच म्हणाला की नायकाच्या गालावर मारलेला चंद्राचा निळा उजेड आता सूर्याचा करायचाय, आणि चित्रीकरण तर ढगाळ दुपारी झालंय. त्याची आई म्हणाली, “मग त्यांनी पहाटेच उठून शूटिंग का नाही केलं?” या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. हॉलिवूडमधेही असेल असं वाटत नाही. मग सिनेमे बघताना तो काळपट, चिखलाच्या रंगाचा उजेड का दिसतो, नायक जमिनीवर उभा न राहता चिकटवल्यासारखा का वाटतो, ते मला कळायला लागलं. तो रात्र, दुपार आणि पहाट या तिन्हींच्या मधे कुठेतरी उभा असतो.

२०१३ च्या ऑस्कर सोहळ्यातला एक किस्सा या सगळ्याचं सार आहे. ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ ज्या ‘ऱ्हिदम अँड ह्यूज’ कंपनीने उभा केला, तिने त्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला होता. मुंबई आणि हैदराबादेतही तिची कामं चालत. बाहेर रस्त्यावर शेकडो व्हीएफएक्स कलाकार निदर्शनं करत होते. आत त्या कंपनीच्या बिल वेस्टनहॉफरला पुरस्कार मिळाला. आभार मानता मानता तो कंपनीवरच्या संकटाबद्दल बोलायला लागला, तोच संगीत वाजवून त्याला मंचावरून घालवण्यात आलं. त्या वर्षी लांबलेली भाषणं आवरायला निवडलेली धून होती ‘जॉज’मधली.

पैशाचं गणित सगळ्यांना माहीत आहे, त्यात फार शिरत नाही. ‘जुरासिक पार्क’ सुमारे सव्वासहा कोटी डॉलरमधे झाला होता; आज त्या तोलाच्या सिनेमाला वीस-पंचवीस कोटी सहज लागतात. डीव्हीडीचं उत्पन्न आटलं. प्रदर्शनाची तारीख पटकथेच्या आधी ठरते. एवढा पैसा लागला की कुणालाच काही ठाम म्हणायचं नसतं, सगळे पर्याय शेवटच्या आठवड्यापर्यंत उघडे हवे असतात. आणि ते उघडे ठेवायची सोय आहे, कारण इकडे कुणीतरी रात्रभर बसायला तयार आहे.

याचा अर्थ चांगलं निघतच नाही असा नाही. ‘टॉप गन: मॅव्हरिक’मधे नटांना खऱ्या लढाऊ विमानांच्या मागच्या सीटवर बसवून आकाशात नेलं. वळण घेताना त्यांचे गाल जे ओढले जातात ते कुठल्याही कलाकाराला काढून दाखवता येणार नाहीत. ‘ड्यून’मधे तर संगणकाचं काम उदंड आहे. पण तिथे नटांच्या मागे, जिथे पुढे संगणकाने देखावा भरायचा असतो, नेहमीच्या हिरव्याऐवजी वाळूच्या रंगाचे पडदे लावले होते, म्हणजे वाळवंटाचा उजेड नटांच्या तोंडावर चित्रीकरणाच्या दिवशीच पडला. उजेड कुठला हवा, हे आधी कुणीतरी ठरवलेलं होतं. ‘ड्यून’च्या दोन्ही भागांच्या इफेक्ट्सना ऑस्कर मिळालं. ते काम करणाऱ्या डीनेग कंपनीचं मोठं ऑफिस मुंबईत आहे, तेव्हा माणसं तीच, कीबोर्ड तेच.

मध्यंतरी भाच्याबरोबर घरी ‘गॉडझिला मायनस वन’ बघितला. तो हॉलिवूडचा नाही, जपानचा. दीड कोटी डॉलरच्या आत झालेला. इफेक्ट्सचे ६१० शॉट होते आणि ते करणारी माणसं होती ३५. २०२४ चं व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर हॉलिवूडच्या सगळ्या धनदांडग्यांच्या नाकावर टिच्चून त्यांनी नेलं. गॉडझिला जहाजाचा पाठलाग करतो तिथे मी नकळत पाय वर घेऊन बसलो होतो. भाचा मात्र ते बघत नव्हता. त्याने मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि एकदम उठून बसला.

“मामा, दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच व्हीएफएक्स सुपरवायझर होता.”

“बरं, मग?”

“मग काय? शॉट दाखवायचा, तो तिथेच हो म्हणणार नाहीतर नाही म्हणणार. विषय संपला.” सिनेमा पुढे चालू होता, तिकडे जहाजाचे तुकडे होत होते. त्याने आणखी काही वेळ मोबाइलवर खटपट केली आणि म्हणाला, “जपानी शिकायला किती दिवस लागतात रे?”