मामाच्या काळ्या सीडी

आज सोलापूरच्या उन्हात बाहेर पाऊल टाकवेना, म्हणून माळ्यावरचा डबा काढला. मामानं दुबईहून आणलेल्या प्लेस्टेशनच्या ओरिजिनल सीडी, खालून काळ्या कुळकुळीत. मऊ कापडानं मधून कडेकडे पुसल्या आणि इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची फाइलमधली हुबेहूब कॉपी, काढायला बसलो. साध्या आयएसओ फाइलीत सेक्टरचे, म्हणजे सीडीवरच्या डेटाच्या एका तुकड्याचे, २०४८ बाइटच येतात, बिन-क्यू या फाइलींच्या जोडीत पूर्ण २३५२. शिवाय म्युझिकचे ट्रॅकही त्यात टिकतात, आणि ते म्युझिक म्हणजे माझं अर्धं बालपण आहे.

रेसिंगच्या सीडीवर ओरखडा. दोनदा वाचली, चेकसम (कॉपीतल्या डेटावरून निघणारा पडताळणीचा आकडा) वेगवेगळे! ड्राइव्हचा वेग कमी केला. पाचव्यांदा आणि सहाव्यांदा जुळले तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं. लगेच दोन हार्ड डिस्कवर कॉपी ठेवली.

मामाला फोन केला. "अरे, अजून चालतात त्या?" रविवारी येतोय, कंट्रोलर घेऊन.