रेड अलर्टला शाळा बंद, ऑफिस चालू

रत्नागिरी-सिंधुदुर्गात नोकरी करणाऱ्या जोडप्याचा कस लागतो तो जुलैत. रात्री उशिरा व्हॉट्सअॅपवर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश फिरू लागतो: उद्या शाळा, अंगणवाड्या बंद. बँक, तहसील, दवाखाना मात्र चालू. दोघांपैकी कुणी शिक्षक असलं तरी सुटका नाही. बऱ्याचदा सुट्टी फक्त विद्यार्थ्यांना असते, शिक्षकांनी शाळेत हजर राहायचं असतं. मग सकाळी सहाला, डबे भरता भरता, 'आज तू थांब'वरून जुंपते.

हे भांडण मे महिन्यातच उरकून घ्या. दोघांच्या शिल्लक रजा कागदावर मांडा. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला ८ किरकोळ रजा, त्याही ३१ डिसेंबरला बुडतात. तीन-चार गणपतीत जातात. उरलेल्यांतल्या निदान दोन-दोन पावसासाठी राखा, आणि दोघांनीही. आईच्या रजा ऑगस्टातच संपायच्या आणि बाबांच्या डिसेंबरात फुकट जायच्या, हे फार घरांत चालतं.

अर्धी-अर्धी रजा घेऊन दुपारी दोनला अदलाबदल करणं ऐकायला छान. मध्ये नदी असेल तर ते फसतं. खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी चढली की एसटी थांबते आणि येणारा माणूस पलीकडेच अडकतो. म्हणून नदीपलीकडे ज्याचं ऑफिस, त्यानंच पूर्ण दिवस घरी थांबावं. अलीकडचा निदान चालत तरी परत येईल.

याहून वाईट म्हणजे शाळा मध्येच सोडणं. त्यासाठी जूनमध्येच शाळेला लेखी द्या: मुलाला नेऊ शकतील अशा दोन माणसांची नावं, फोटो, फोन नंबर. त्यातला एक शेजारचा हवा, आणि घराची एक किल्ली त्याच्याकडे.

आदल्या रात्री टाकी भरून ठेवा. लाईट गेली की पंपही बंद. मोबाइल, पॉवर बँक चार्ज करा, पण नंबर कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, कारण लाईट फार वेळ नसली की टॉवरही मान टाकतो. इंडक्शनवर विसंबू नका, भरलेलं जादा सिलिंडर हवं. उकड्या तांदळाची पेज मोठ्या थर्मासात भरली की दुपारपर्यंत गरम राहते. मीठ मात्र वाढताना घाला. तापाच्या औषधाच्या बाटलीवर डॉक्टरांनी मुलाच्या वजनाप्रमाणे सांगितलेला डोस पेनाने लिहून ठेवा, म्हणजे थांबलेल्याला ऑफिसात फोन लावत बसावं लागत नाही.